तीन दिवसांत एकही तक्रार नाही

“त्रेचाळीस माणसं परत बोलवायची? तीही उपाशीपोटी? तू कर फोन! तू खा त्यांच्या शिव्या!”

“माझ्यावर कशाला ओरडता, सिस्टर? मी नियमाने काम केलंय.”

“चुलीत घाल तुझा नियम! चार वर्षांच्या पोरीला सकाळी दोनदा टोचलं, तेव्हा कुठे जेमतेम रक्त निघालं. आता तिसऱ्यांदा टोचू? तू धरतोस तिचा हात?”

सिस्टर दार आपटून गेली. तारमास्तरची कानशिलं तापली. रक्त तपासायच्या त्या लॅबमधले अकरा कॉम्प्युटर आणि त्यांच्या तारांचं जंजाळ तो एकटा सांभाळायचा, म्हणून हे नाव. आज सकाळी त्याने आपल्या टेबलावरून एका फटक्यात त्यातल्या दहांवर नवं अपडेट सोडलं, आणि तेव्हापासून ट्यूबवर चिकटवायच्या स्टिकरवर नंबरातला शेवटचा आकडा छापलाच जात नव्हता. स्टिकरवर नाव नसतं, नुसता नंबर. कुठलं रक्त कुणाचं, देवाला ठाऊक.

मालकीण मॅडमचा निरोप आला होता. दहा मिनिटांत वर ये, येताना कपाटाच्या किल्ल्या घेऊन ये. किल्ल्या कशाला, ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

म्हणे किल्ल्या! सहा वर्षं रविवार बघितला नाही त्याने. नवं अपडेट आधी एकाच कॉम्प्युटरवर टाकायचं, तीन दिवस थांबायचं, तक्रार नाही आली तरच बाकीच्यांवर सोडायचं, हा नियम त्यानेच घातला आणि त्यानेच पाळला. तीन दिवसांत कुणी चकार शब्द काढला नव्हता. मग हा राग त्याच्यावर का?

तो तरातरा तळघरात उतरला. पहिलं अपडेट दर वेळी तिथल्याच कॉम्प्युटरवर जायचं. तिथून एक धड स्टिकर काढायचा, मॅडमच्या टेबलावर आपटायचा. मग बघू कोण कुणाच्या किल्ल्या घेतो.

खाली मावशी बाहेरून आलेल्या ट्यूबना स्टिकर लावत बसल्या होत्या.

“मावशी, एक स्टिकर काढा. पटकन.”

स्टिकर सरकन बाहेर आला. मावशींनी पेन उचललं, समोरच्या यादीत बघून शेवटचा आकडा नीट गोल अक्षरात लिहिला आणि स्टिकर त्याच्यापुढे धरला.

“हे काय?”

“तेवढा छापत नाही ना तो. मी लिहिते.”

“कधीपासून?”

“सोमवारपासून.”

“सोमवारपासून! आणि मला सांगायला तोंड नव्हतं तुम्हाला? तिकडे माझ्या पोटावर पाय येतोय!”

मावशी दचकल्या. पेनाला टोपण लावायला गेल्या, ते दोनदा चुकलं.

“मागे प्रिंटरचं सांगायला वर आले होते,” त्या म्हणाल्या. “तेव्हा तू म्हणालास, तुम्हीच काहीतरी दाबलं असेल, येता-जाता डोकं खाऊ नका. सगळे हसले. म्हटलं, या वेळीही मीच दाबलं असेल काहीतरी.”

तारमास्तरला आठवलं. वरच्या कुठल्याही कॉम्प्युटरवर काही नवं टाकलं की दहा मिनिटांत बोंब व्हायची. अक्षरं बारीक झाली, आवाज गेला, एक ना दोन. तळघरातून कधीच काही यायचं नाही. म्हणून तर दर वेळी तळघर.

भिंतीवरचा फोन वाजला. मावशींनी उचलला, ऐकलं, आणि त्यावर हात ठेवून त्याच्याकडे बघितलं. चेहरा पांढरा पडला होता.

“मॅडम आहेत. तीन दिवसांत खालून कुणी तक्रार केली होती का, विचारतायत. काय सांगू रे?”

तारमास्तरने खिशातल्या किल्ल्या चाचपल्या.

“केली होती म्हणून सांगा,” तो म्हणाला. “मी ऐकली नाही. चला, मला निघायला हवं आता.”