बाळंतिणीच्या पायाखाली

मी एक बुटकं लाकडी स्टूल बोलतोय. माझी उंची वीतभर, ऐट मात्र कपाटाएवढी. दार करून उरलेल्या फळीतून सुताराने मला ठोकून काढलं आणि पुढची अठरा वर्षं मी स्वयंपाकघरात काढली. सासूबाई माझ्यावर चढून फडताळातले वरचे डबे काढायच्या. "याला कुणी हलवायचं नाही," असा त्यांचा हुकूम.

सून बाळंत होऊन घरी आली आणि घरात शीचं राज्य सुरू झालं. म्हणजे बाळाच्या! सासूबाईंनी चक्क त्याची वही केली. वेळ, रंग, पातळ की घट्ट. फोनवरून नातेवाइकांना बातम्या जायच्या. आईचं काय, हे मात्र कुणी विचारेना.

पाच दिवस तिचं पोट साफ झालं नव्हतं. टाके उसवतील या धास्तीने कळ आली तरी ती दाबून धरायची. जायलाच नको म्हणून अर्धंच जेवायची. त्यात सासूबाईंचं पालुपद, "पाणी बेताने पी. पोट सुटेल." मोठ्या माणसांना एखादी गोष्ट एकदा ठाऊक झाली, की ती पुन्हा तपासायची सोयच राहत नाही! बाळाला पाजताना तिचा घसा कोरडा पडायचा आणि या समोर बसून घोट मोजायच्या. मला पाय चार, पण एकानेही लाथ मारता येत नाही.

सहाव्या दिवशी नर्सबाई तपासायला आल्या. वही चाळून म्हणाल्या, "छान! आता आईची वही दाखवा."

"अहो, काहीतरीच काय! घरात पुरुषमाणसं आहेत."

"मग त्यांनाही कळू दे."

सूनबाईला रडू फुटलं. "ताई, भीती वाटते हो. टाके तुटले तर?"

"सहसा तुटत नाहीत गं. पण कुंथायचं नाही आणि कळ आली की थांबायचं नाही. भरपूर पाणी, पोटभर जेवण, फळं-भाज्या, घरातल्या घरात फेऱ्या. दोन दिवसांत झालं नाही, किंवा फार दुखलं, रक्त दिसलं, तर डॉक्टरांकडे जायचं. मनाने औषध नको. आणि कमोडवर बसताना पायाखाली काहीतरी घे. गुडघे वर, जरा पुढे वाक."

नवऱ्याने मला उचललं.

"अरे, स्वयंपाकघरातलं आहे ते!"

"आई, डबे मी काढून देईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे गार तळवे माझ्यावर टेकले. संडासाच्या दाराबाहेर सासूबाई बाळाला घेऊन येरझारा घालत होत्या. मध्येच थांबून हळूच म्हणाल्या, "सावकाश हो. तुझ्या नवऱ्याच्या वेळी मला आठवडा लागला होता. कुणाला बोलले नाही मी."

म्हणजे यांनी स्वतः भोगलं होतं, आणि तरी घोट मोजत बसल्या? माझं डोकं तडकलं. पण तेवढ्यात माझ्यावरचे पाय सैल पडले. आत एक लांब, सुटकेचा श्वास ऐकू आला.

बाहेर येऊन ती म्हणाली, "आई, भूक लागलीये. पोटभर वाढा." सासूबाईंनी ताट भरलं आणि शेजारी पाण्याचा अख्खा तांब्या ठेवला.

आता माझा मुक्काम इथेच. घसरू नये म्हणून मला रबरी टोप्या बसवल्यात. सासूबाईही मला वापरतात. कबूल करत नाहीत.

माझं एकच मागणं. बाळ आलेल्या घरी जाल, तेव्हा नाक कुणावर गेलंय ही चर्चा जरा मागे ठेवा. आधी आईला बाजूला घेऊन विचारा. लाजायचं कशाला? पोट सगळ्यांनाच आहे.

बरं, आता पुरे. कडी वाजतेय, आणि सासूबाई घाईत आहेत.