वरचा जबडा

…आणि टाळूच्या मधोमध तो खळगा, मसुरीच्या दाण्याएवढा. प्लास्टर ओतताना हवा अडकून राहिली की असा खळगा पडतो. शिकाऊ हाताची खूण. तिने सवयीने त्यावरून अंगठा फिरवला आणि साचा पुन्हा खिडकीच्या कठड्यावर ठेवला, कागद उडू नयेत म्हणून. अर्थात हे कारण सांगण्यापुरतं, कारण ही खिडकी वर्षातले बरेच महिने उघडतच नाही. एके काळी पांढराशुभ्र असलेला आणि आता जुन्या मेणबत्तीसारखा पिवळट झालेला हा वरचा जबडा तिच्या बाबांचा होता.

घरून निघण्याच्या आधीच्या आठवड्यात तिने तो घेतला होता. बाबांचे वरचे दात नुकतेच काढून झाले होते आणि ती कवळ्या करायला नुकतीच शिकत होती. दोन्ही गोष्टींचा मेळ बसला. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बाबांना बसवून, गळ्याभोवती टॉवेल बांधून तिने त्यांच्या तोंडात गार लगदा दाबून धरला होता, आणि बोलता येत नसल्यामुळे बाबा नुसते डोळ्यांनी हसत होते. एरवी त्यांचं तोंड बंद कोण करणार? उभी हयात त्यांनी कोर्टाच्या दाराशी उभं राहून पुकारा करण्यात घालवली. वादी अमुक, प्रतिवादी तमुक, हाजिऽऽर… पानाच्या टपरीवर बसलेले पक्षकारसुद्धा दचकून उठत म्हणे. तो साचा पायमोज्यात गुंडाळून ती बॅगेत ठेवायला लागली, तेव्हा दादा म्हणाला होता, "लोक परदेशी जाताना बापाचा फोटो नेतात. ही जबडा घेऊन चालली!" आणि बाबा म्हणाले होते, "नेऊ दे रे. फोटो गप्प बसतो. हा तिथेही तिला बोलेल."

बोलला मात्र नाही. कठड्यावर बसून राहिला.

खाली चपलांचं दुकान, वर ही कार्यशाळा. शहरातले दंतवैद्य ठसे पाठवतात, इथे दात तयार होतात. ज्यांची तोंडं ती करते त्यांना तिने कधी पाहिलेलं नसतं, तरी कोण एकाच बाजूने चावतं, कोण झोपेत दात खातं, हे तिला कळतं. सकाळी जिना चढून आलेल्या मालकीणबाई दारातच थांबल्या होत्या, एक हात गुडघ्यावर ठेवून.

"संध्याकाळपर्यंत सांग," त्या म्हणाल्या. "घेणार असलीस तर ही जागा, ही भट्टी, हे वैद्य, सगळं तुझं. नाहीतर उद्या दुसरा माणूस येतोय बघायला. आणि 'बघते' म्हणू नकोस. 'बघते' मी पुष्कळ ऐकलंय."

"नाही म्हणणार," ती हसून म्हणाली.

"काय नाही म्हणणार?"

"'बघते' नाही म्हणणार."

मालकीणबाईंनी हवेतच चापट मारल्यासारखं केलं आणि आत गेल्या.

तसं पाहिलं तर उत्तर तयार होतं. घ्यायचं म्हणजे इथेच राहायचं, निदान हाताची थरथर सुरू होईपर्यंत. गेली काही वर्षं 'पुढच्या वर्षी परत' असं जे ती सगळ्यांना आणि स्वतःला सांगत आली होती, ते आता बंद करायचं. आणि बंद करायला हरकत काय होती? बाबा ठीक आहेत. दर रविवारी ती विचारते, येऊ का मी, आणि दर रविवारी बाबा मान हलवतात, माझं काय अडलंय? आई गेल्यावरही त्यांनी तेच म्हटलं होतं. तेव्हा तिने विश्वास ठेवला नव्हता… पण आता पुरावा होता. हिवाळ्यात त्यांची जुनी कवळी हातातून निसटून फरशीवर पडली, दुभंगली. दादा म्हणाला, कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडून नवी करून घेतो. तिने त्याला फोनवरच झापलं. कोपऱ्यावरचा कशाला? मी काय मेलेय का? माप आहे माझ्याकडे.

माप आहे माझ्याकडे! किती ऐटीत म्हणाली होती ती. मग सगळे गेल्यावर मागे थांबून, चांगल्यातलं चांगलं सामान वापरून, पुढच्या दोन दातांत बाबांची ती मूळची बारीक फटसुद्धा ठेवून, तिने कवळी केली. पार्सल पोचल्यावर बाबा म्हणाले, "झकास! माझं तोंड परदेश फिरून आलं, मी आपला इथेच." रविवारी पडद्यावर पाहिलं तर ओठ भरलेले, गाल वर आलेले, ती निघाली त्या दिवशी होते तसेच बाबा. त्या आनंदात ती कितीतरी दिवस होती. हल्ली ते कमी बोलतात, ओठ मिटून हसतात, मान हलवतात. वय झालं की माणूस शांत होतो, समाधानी होतो, असं तिला वाटलं होतं आणि ते तिला आवडलंही होतं.

तिने आजच्या कामातला पहिला डबा उघडला. आत एक साचा, एक फुटकी कवळी, आणि वैद्यांची चिठ्ठी: पेशंट बाईंना पुन्हा ठसा द्यायचा कंटाळा आहे, याच साच्यावर नवी करून द्या. तिने साचा उलटा केला. तळाशी कोरलेलं वर्ष बघितलं आणि हसूच आलं. वैद्य होऊन असं कसं लिहितात? दात काढल्यावर हिरडी काय तशीच राहते? ती खचते. आधी भराभर, मग सावकाश, पण माणूस असेपर्यंत खचतच राहते. या साच्यावर केलेली कवळी बाईंच्या तोंडात खुळखुळेल, नाहीतर रुतेल. तिने चिठ्ठीच्या मागे लिहायला घेतलं, हे वाक्य ती महिन्यातून चारदा तरी लिहायची: साचा जुना आहे, नवा ठसा घेऊन…

पेन तिथेच थांबलं.

खिडकीकडे तिने लगेच पाहिलं नाही. आधी समोरच्या बाईंच्या साच्याकडे पाहिलं, मग पेनाकडे, मग डबा बंद केला, पुन्हा उघडला. हे तिला माहीत नव्हतं असं नाही… रोज दुसऱ्यांना सांगायची. पण बाबांची हिरडी खचत असेल, हे एकदाही डोक्यात आलं नाही. कसं यावं? मी निघाले त्या दिवशी ते दारात उभे होते, आणि ते अजून तिथेच उभे आहेत, मी वळून बघेपर्यंत हलायचं नाही असं कुणीतरी बजावल्यासारखे. पण बसली म्हणाले ना ते! झकास म्हणाले. एखाद्याची कमी खचते. असतात अशी माणसं.

जेवणाच्या सुट्टीत ती जिन्यात जाऊन बसली आणि घरी फोन लावला. रविवार नव्हता. पुष्कळ वेळ वाजल्यावर बाबांनी उचलला.

"कोण? तू? आज कशी काय? बरी आहेस ना?"

आवाज बाबांचाच होता, पण कडा झिजलेला; 'त' मऊ पडलेला, 'स'मधून नुसता वारा. मागे कुठे आधार नसलेल्या ओठांतून येणारा आवाज तिने ओळखला… धंदाच होता तिचा.

"बरी आहे हो. सहज केला."

"सहज? कामाच्या दिवशी? काढून टाकलं वाटतं तुला!" आणि बाबा हसले, मोकळं, तोंड उघडून, भरपूर. किती महिन्यांत असे हसले नव्हते. मग ते बोलतच सुटले: शेजाऱ्याने कुत्रं पाळलंय आणि ते शेजाऱ्यालाच घरात घेत नाही, दादाचं पोट सुटलंय, वहिनी त्यांना साखर मोजून देते, कारकुनीण कुठली. ती ऐकत राहिली. रविवारचे शांत, समाधानी बाबा कुठल्या कुठे गेले होते, आणि हे जुनेच, वाह्यात, दात नसलेले बाबा तिच्या कानाशी बडबडत होते.

"बाबा, कवळी बसतेय ना नीट?"

"म्हणजे काय? झकास. थांब हं, तुझी वहिनी हात पुढे करून उभीच आहे."

वहिनी फोन घेऊन लांब गेली असावी. दार लोटल्याचा आवाज आला.

"वन्सं, एक सांगू? रागवायचं नाही. आणि मी सांगितलं असं म्हणायचं नाही."

"डबीत असते ना?" ती म्हणाली.

"रोज धुऊन पुसून ठेवतात हो. तुमचा रविवारचा फोन यायच्या आधी घालतात. आतून घासते, चट्टे पडतात त्यांना. मी म्हटलं, सांगू या की, ती दुसरी करून पाठवील. तर माझ्यावरच डोळे वटारले. म्हणाले, पोरीने इतक्या लांबून हाताने केलीय, अर्धा तास जिभेने धरून ठेवायला मला काय धाड भरते?"

"जेवतात कसे?"

"हिरड्यांनी. सवय झालीय. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. वन्सं? ऐकताय ना?"

दुपारभर तिने काम केलं. हात चालत होते. मेण वितळवलं, थापलं, कोरलं, एका अनोळखी माणसाचे सहा दात ओळीत बसवले. रविवार परवावर आला होता. बाबा डबी उघडतील, आरशासमोर उभे राहतील, वहिनीला म्हणतील, लाव फोन. सांगून टाकावं, काढा ती, मला सगळं कळलंय? मग त्यांच्याकडे मला द्यायला काय उरेल… आणि न सांगावं तर मी दुखणं बघत बसायचं, अर्धा तास, हसऱ्या चेहऱ्याने? आणि 'माझं काय अडलंय', तेही डबीतलंच का? तेही माझ्या फोनआधी घालून, फोन संपल्यावर काढून ठेवलेलं? ज्या पुराव्यावर इथे राहायचं ठरवलं, तो तर मीच घडवून पाठवला होता.

उजेड उतरला तेव्हा तिने साचा हातात घेतला आणि डोळे मिटून बाबांचं आजचं तोंड डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा स्टुलावरचेच बाबा आले. तिने ते बाजूला सारले. मग कुणीच आलं नाही. मग सावकाश, गाल आत गेलेला, हनुवटी नाकाकडे झुकलेला एक म्हातारा आला, जो तिने कधी पाहिला नव्हता. रस्त्यात भेटला असता तर तिने त्याला वाट दिली असती आणि पुढे गेली असती. तो हसला. तोंड उघडून, भरपूर. तेव्हा तिने त्याला ओळखलं.

"मग?" मालकीणबाई कोट चढवून पाठीमागे उभ्या होत्या. "काय ठरलं?"

ती वळली. तिची जीभ केव्हापासून टाळूला दाबलेली होती, घट्ट, तिथे काहीतरी सैल बसलेलं असावं आणि ते पडू द्यायचं नसावं तशी. मुळाशी दुखायला लागलं होतं. असं धरून ठेवलं की हो म्हणता येत नाही, नाहीही म्हणता येत नाही. फार तर ओठ मिटून हसता येतं, मान हलवता येते. मालकीणबाई वाट बघत होत्या. तिने जीभ सोडली नाही, किती वेळ धरता येतं ते तिला पाहायचं होतं.