पेस्टची फुली

लायब्ररीच्या बाईंनी कॉम्प्युटर काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "रोज दुपारी दमतो हो हा. आपोआप बंद पडतो. आम्ही तोवर पुस्तकं लावत बसतो. नऊ वर्षं झाली."

"नऊ वर्षं कळ काढलीत, मग आजच कशाला आणलात?" मी म्हणालो. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर, असं घरातले म्हणतात ते काही खोटं नाही.

बाई बाकावर बसल्या. मी झाकण काढलं, चार स्क्रू सोडवले आणि प्रोसेसरवरचा पंखा जरासा पिळून अलगद उचलला. मधली पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. प्रोसेसरची उष्णता पंख्याखालच्या धातूकडे न्यायची, एवढंच तिचं काम. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस टेकवणार, तोच धातूच्या बुडावर काहीतरी चमकलं. नव्या पंख्याला चिकटून येणारी प्लास्टिकची पातळ पट्टी. बसवण्याआधी ती सोलायची असते. कुणी सोललीच नव्हती.

नऊ वर्षांपूर्वी लायब्ररीसाठी आम्ही असे दोन कॉम्प्युटर जोडले होते. एक महिन्याभरात जळून परत आला, त्यातही पट्टी तशीच होती. दुसरा चालत होता, म्हणून कुणी उघडला नाही. दुकान दादाचं आणि माझं, पण ते काम दादानेच केलं असं मी धरून चाललो. उचलली जीभ, लावली टाळ्याला. चार गिऱ्हाइकांसमोर ओरडलो, "डोळे फुटले होते का तुझे?" दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. पेचकस धरायला त्यानेच शिकवलं मला. त्याने प्रोसेसरकडे एकदा पाहिलं, "राहिली असेल," म्हणाला, आणि कापूस घेऊन स्वतःच सगळं पुसून टाकलं. महिनाअखेर त्याने दुकान सोडून दुसरीकडे नोकरी धरली. मी काही गेलो नाही त्याच्याकडे. मोठा आहे, त्याने यावं, म्हटलं. गेल्या वर्षी तो वारला.

मी दिवा जवळ ओढला. दादा मधोमध मुगाच्या दाण्याएवढा ठिपका ठेवायचा. "पेस्ट आहे रे, लोणी नाही," म्हणायचा. फुली मारायची खोड माझी. आणि इथे चारही कोपऱ्यांतून पेस्ट बाहेर ओघळून वाळली होती, मध्ये फुलीच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. दोन्ही कॉम्प्युटर मीच जोडले होते, एकाच दिवशी, एकाच घाईत. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि संन्याशाने चोराचे ठसे पुसून दिले होते.

मी वहिनींना फोन लावला. वर्षभरात पहिल्यांदाच.

"वहिनी, त्या जळलेल्या कॉम्प्युटरची चूक माझी होती. दादाची नव्हती."

"माहीत आहे, भाऊजी. त्याच दिवशी सांगितलं त्यांनी मला. धाकट्याचा हात आत्ता कुठे बसतोय, म्हणाले, चारचौघांत त्याचं नाव कशाला घालवू?"

"मग नंतर तरी सांगायचं मला!"

"सांगणार होते. घरी आला की कान पकडून सांगतो, म्हणायचे. तुम्ही आलातच नाही."

फोन ठेवला तेव्हा दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं येऊन उभी होती. बाकावरून बाईंनी विचारलं, "कुणाची चूक होती हो?"

"माझी," मी म्हणालो. दादावर ओरडलो होतो तेवढ्याच मोठ्याने म्हणायचं होतं. पण आवाजच फुटला नाही, आणि बाईंना पुन्हा विचारावं लागलं.