निळीतली फौज

तोतारामने रंगाच्या डबीत निळीची आणखी एक चिमूट टाकली आणि काडीने ढवळलं. कालच आणलेला पांढरा रंग, पण त्याला तो पिवळटच दिसत होता. दुकानदार जुना माल गळ्यात मारतो, याबद्दल आता त्याची खात्रीच झाली होती. धुळ्यात लाँड्री चालवण्यात उभी हयात गेलेली. पिवळ्या पडलेल्या पांढऱ्याला नीळ द्यायची, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

तोतारामला वेड होतं बुद्धिबळाच्या सोंगट्यांचं. सुताराकडून बोटाच्या पेराएवढी प्यादी करून घ्यायची आणि त्यांवर पागोटी, मिशा, शेले रंगवायचे. घोड्याच्या खोगिराला झालरसुद्धा. रंग महाग, खारीच्या केसांचा ब्रश तर जळगावहून मागवावा लागे. त्याची किंमत ऐकली की त्याची बायको भिकुबाई कपाळावर हात मारून घेई. पण माणूस दारू पीत नाही, सट्टा लावत नाही, म्हणून पुढे बोलत नसे.

लाल फौज तयार होऊन किती दिवस झाले होते. पांढरी मात्र वर्षभर रखडली होती. अंगरखे रंगवून झाले, चेहरे झाले, पण डोळे काही जमत नव्हते. ठिपका ठेवायला जावं तर तो गालावर पडे.

आता खरं सांगायचं, तर ती फौज पांढरी नव्हतीच. चांगली निळीशार होती. रस्त्यावरच्या शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. सांगत नव्हता तो नासीर. शेजारीच त्याचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान. दुपारी इस्त्री थंड झाली की ओट्यावर दोघांचा डाव पडे, आणि नासीर रोज "पांढरी माझी" म्हणून ती निळी फौज आपल्याकडे ओढून घेई.

एके दिवशी गिरधर मास्तर आपला सदरा घेऊन आले. सदरा पांढरा दिला होता, परत मिळाला तो आकाशासारखा. मास्तर बडबडून गेले. भिकुबाईने सदऱ्याकडे पाहिलं, ओट्यावरच्या फौजेकडे पाहिलं आणि काय समजायचं ते समजली. निळीचा डबा तिने स्वतःकडे घेतला आणि नवऱ्याला धरूनच डोळ्यांच्या शिबिरात नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन फुकट होतं, तरी तोताराम अडून बसला. त्याच्या ओळखीत एकाचा डोळा ऑपरेशनात गेला होता. आपलं तसं झालं तर इस्त्रीही गेली आणि ब्रशही गेला, या धास्तीने त्याला अन्न गोड लागेना. आहे ते धुकट का असेना, दिसतं तरी आहे, असं तो म्हणू लागला.

भिकुबाई वाद घालत बसली नाही. तिने त्याचं एक प्यादं उचललं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

"तुमना प्यादास्ना डोया कोठे शेतस?"

तोतारामने त्या बिनडोळ्यांच्या प्याद्यावरून अंगठा फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकाट्याने पिशवी घेऊन निघाला.

एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा पहिल्यांदा त्याला दिसली ती भिकुबाई. तू इतकी म्हातारी कधी झालीस, असं त्याने विचारलं. केव्हाचीच, असं ती म्हणाली आणि पदराआड हसली. मग यथावकाश जाड भिंगाचा चष्मा आला. तो चढवून तोताराम ओट्यावर बसला. पटावर फौजा मांडलेल्याच होत्या. चष्म्यातून प्यादी लिंबाएवढी दिसत होती. त्याने एक उचललं. फिरवून पाहिलं. दुसरं उचललं. त्याचा चेहरा पडला.

"नासीर, हाई फौज कोनता रंगनी शे?"

नासीरने पटावरचं एक वाकडं प्यादं सरळ केलं. "धवळी."

"निळी शे. मंग इतला दिन सांगं काबर नही?"

"तुना हातनी शे, तोताराम. तू धवळी म्हनस, ते माले बी धवळीच."

तोतारामला भारी लाज वाटली. वर्षभर सगळ्या गल्लीने ती निळी फौज पाहिली असणार. पण त्याहून जास्त त्याला भरून आलं. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद होती, म्हणून तो मान वर करून जरा वेळ पत्र्याकडे बघत बसला.

मग त्याने पांढऱ्या रंगाची नवी, नीळ न घातलेली डबी उघडली. चांगला दुधासारखा रंग होता. बिचाऱ्या दुकानदाराला उगाच शिव्या घातल्या होत्या. त्याने एका प्याद्याचा अंगरखा रंगवला. मग बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवला. चष्म्यामुळे अंतराचा अंदाज चुकत होता, पहिला ठिपका भुवईवर गेला. तो पुसून पुन्हा ठेवला. बसला. शेजारी दुसरा ठेवला, तोही बसला. प्यादं समोर बघू लागलं.

वाळायला ठेव, असं भिकुबाई आतून म्हणाली. पण नासीरला कुठला दम. त्याने ते ओलं प्यादं उचललं, निळ्या फौजेच्या ओळीत उभं केलं आणि पहिली चाल त्याचीच केली. त्याच्या बोटांना पांढरा रंग लागला. तो न पुसताच नासीर तोतारामच्या चालीची वाट बघत बसला.