राखणदाराची पावलं

डाव्या बुटाच्या टाचेत एक खिळा वर आलाय... अंगठ्याने दाबला की आत जातो, सोडला की पुन्हा डोकं काढतो. अकरा वर्षं, पाच चित्रपट, एकाच माणसासाठी ती हेच बूट घालून चालतेय आणि हा खिळा तिला आज दिसावा! एरवी तिने आरडाओरडा करून चांभाराला बोलावणं धाडलं असतं. आज ती नुसती बूट मांडीवर घेऊन बसली.

समोर पडद्यावर राखणदार एक पाय उचलून थांबलेला. पाच जाडजूड कादंबऱ्या, त्यांतलं ते बुडालेलं राज्य, ते बोलणारे डोंगर, आणि सगळी युद्धं संपल्यावर रिकाम्या घराकडे एकटा परतणारा हा. चेहरा नटाचा, पावलांचा आवाज तिचा. चित्रीकरणात पावलं नीट ऐकू येत नाहीत, म्हणून मागाहून कुणीतरी पडद्याकडे बघत दगडावर, फळ्यांवर, वाळूवर तसंच चालायचं आणि ते मुद्रित करायचं, हा तिचा धंदा. या धंद्यात माझ्या तोडीचं कुणी नाही, हे ती न विचारता सांगते. का सांगू नये? खरं आहे ते.

कादंबऱ्या तिने वाचलेल्या नाहीत. ‘मी पुस्तकं वाचत नाही, पाय वाचते,’ असं ती ऐटीत म्हणते. घरात वाचतात त्या सासूबाई, भिंग घेऊन, पाचही भाग दोन-दोनदा. आणि आज सकाळी चहाचा कप हातात धरून, फोनवर शेवटच्या चित्रपटाची झलक बघून झाल्यावर त्या म्हणाल्या,

“काय गं, चौथ्या भागात बर्फात याच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली ना?”

“बरं, मग?”

“मग याची पावलं अशी खणखणीत कशी वाजतात? जादूने पुन्हा फुटली की काय?”

“सिनेमात एवढं कुणी बघत नाही, आई.”

“असेल बाई. मी आपली वाचणारी.”

ती हसली होती. हसतच घराबाहेर पडली होती. पण स्टुडिओत आल्याबरोबर, चप्पलसुद्धा न काढता, ती आधी भिंतीवरच्या कागदाकडे गेली. प्रत्येक पात्र कसं चालतं याची यादी, तिनेच लिहिलेली. राखणदाराच्या नावापुढे, तिच्याच ठसठशीत अक्षरात — डावा पाय, दोन बोटं नाहीत, टाच आधी.

म्हणजे माहीत होतं. नट बिचारा प्रत्येक दृश्यात डावा पाय जपून टाकत होता, आणि ती कानसेनला सांगत होती, थकलाय हा, पाय ओढतोय, आपण सावरून घेऊ. कानसेन म्हणजे ध्वनिमुद्रक. गाता येत नाही, पण ऐकण्यात बापमाणूस, म्हणून हे नाव तिनेच ठेवलेलं. तो म्हणाला होता, तुम्ही म्हणाल तसं, ताई. सात रिळं झाली अशी सावरून. उद्यापासून सगळे आवाज एकत्र करायला बसायचं, आणि आज हा शेवटचा प्रसंग तेवढा उरलेला.

विसरले असते तर बरं होतं... विसरलं तर माणूस कपाळावर हात मारतो आणि मोकळा होतो. मी विसरले नव्हते. मला तो पाय दुखवायचाच नव्हता.

कारण तो पाय दादाचा. पहिल्या चित्रपटाच्या वेळी दिग्दर्शिकेने विचारलं होतं, हा चालेल कसा? आणि ती उठून चाललीच — जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम, मग वरच्या पायरीवर क्षणभर थांबणं, मग डावं पाऊल जरा जोरात, आलो गं म्हटल्यासारखं. माहेरी आई आतूनच म्हणायची, आला बघ तुझा दादा. दार वाजायच्या आधी मी कडी काढलेली असायची. चोवीस वर्षांचा होता. आठ दिवसांचा ताप, आणि नवव्या दिवशी जिना गप्प. दिग्दर्शिका म्हणाली, अगदी हाच! आणि तेव्हापासून अकरा वर्षं तिने त्याला चालता ठेवला, कुणाला न सांगता, दुसऱ्याच्या नावावर.

“सातही रिळं चुकली आहेत,” ती म्हणाली. “माझ्यामुळे.”

कानसेनने कानांवरचे हेडफोन उतरवले. “कुणाला कळणार नाही, ताई. वरून संगीत येणार आहे.”

“माझ्या सासूला कळलं.”

“त्यांनाच बसवा मग इथं!” तो हसला, तिचा चेहरा बघून थांबला. “दिग्दर्शिकेला विचारावं लागेल. आणखी चार दिवस मागायचे म्हणजे... आधी हा शेवट तर करू.”

तिने डाव्या बुटात पुढे चिंधी कोंबली, बोटं आत दुमडली आणि दगडांवर उभी राहिली. पहिल्यांदा नुसतं लंगडण्याचं सोंग झालं. दुसऱ्यांदाही. हे काय, नवशिक्यासारखं! तिला स्वतःचाच राग आला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणायची सोयही नव्हती, अंगण तिचंच होतं.

तिसऱ्यांदा तिने पडद्याकडे बघितलं आणि सावरणं सोडून दिलं. टाच. मग थोडं थांबून, पुढच्या भागावर भरवसा नसलेला तळवा. मग उजवा, सगळं ओझं उचलणारा. दगड संपले, फळ्या आल्या. अंगात कमावलेलं कसब होतं, ते कामाला आलं. पण जे ऐकू येत होतं ते तिच्या ओळखीचं नव्हतं. पायऱ्या एकेक करून चढणारा, वर आल्यावर दम घेणारा, डावं पाऊल हळूच टेकवणारा कुणी पन्नाशी उलटलेला माणूस. दादा आज छप्पन्नचा असता. हा हिशेब मी कधी केलाच नव्हता... मी आपली एकोणिसाची एकावन्नाची झाले आणि त्याला तिकडे चोवीसवरच पळवत राहिले, पायऱ्यांवरून, युद्धांतून, पोराला पळवावं तसं.

“हेच ठेवू का, ताई?” काचेपलीकडून कानसेन विचारत होता. “ताई?”

तिने हात वर केला, थांब म्हणून. उत्तर द्यायचं होतं, दिग्दर्शिकेला फोन करायचा होता, चार दिवसांसाठी भांडायचं होतं, आणि ती भांडणार होतीच. पण आत्ता नाही. ऊर भरून आला होता, आणि ते दुःख नव्हतं. इतकी वर्षं तिला एक धाकटा भाऊ होता. आत्ता, दुमडलेल्या बोटांवर फळीवर उभी असताना, तिला पुन्हा थोरला भाऊ होता.