भैरीचा कौल आणि अरविंदचं कुलूप

मी भैरीचं देऊळ बोलतंय. कापडे गावावरून गडाची पायवाट धरलीत की जिथे पहिल्यांदा दम लागतो, तिथे मी आहे. देऊळ कसलं, चार दगडी खांब, वर पत्रा, मागे एक भिंत. दार नाहीच.

पूर्वी माझ्याकडे फक्त गुराखी यायचे. मग वीर स्टेशनात उतरून पाठीवर बोचकी घेतलेली शहरी पोरं येऊ लागली. गड चढायचा आणि परत उतरायचा, एवढ्यासाठी! वाडीला हसू आवरेना. पण वाडीतल्या आनंदीबाईने त्यांना पिठलं-भाकरी वाढली, आणि तेव्हापासून दर शनिवारी माझ्या खांबांवर ओले मोजे वाळतात. वास येतो, पण सोबत होते. मुलगे मुंबईला गेल्यापासून आनंदीबाईही शनिवारचीच वाट बघते.

यंदा मात्र कुणीतरी भिंतीवर कोळशाने नावं लिहून गेलं. मुंबईला गेलेल्या वाडीकरांच्या मंडळाचा अरविंद भडकला. पत्र्याचं दार, जाळी आणि हे मोठं कुलूप घेऊन आला. "देऊळ हाय, लॉज नाय!"

आनंदीबाईचा चेहरा उतरला. माझं तर धाबंच दणाणलं.

"देवाला इचारल्याबिगर काय नाय," भागोजी गुरव म्हणाला. त्याने कौल लावला. भैरीला झेंडूच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर कुलूप, डावी पडली तर नको.

एकही पडेना! संध्याकाळ झाली. कौल अर्धा टाकून जाता येत नाही, त्यामुळे अरविंदची शेवटची एसटी चुकली. तेवढ्यात चार भिजलेले ट्रेकर आत शिरले.

"काका, जरा सरकता का?"

आनंदीबाईने सगळ्यांना एकाच पंगतीत वाढलं. समीक्षा नावाच्या मुलीने आपली चटई अरविंदला दिली.

सकाळी तीच मुलगी ओलं फडकं घेऊन भिंतीवरची नावं घासत होती.

"तू लिवलंस काय गो?" अरविंदने विचारलं.

"नाही काका. पण वाईट दिसतंय ना."

थोड्या वेळाने बाकीचे झऱ्यावर तोंड धुवायला गेले, आनंदीबाई भिंतीमागे चुलीशी भाकऱ्या थापत होती. अरविंद भैरीसमोर उभा राहिला. इकडेतिकडे बघितलं, हात जोडले, आणि डाव्या पाकळीवर हळूच फुंकर मारली.

"डावी दिली! देवानं डावी दिली!" असा ओरडला की आनंदीबाई पिठाच्या हातांनी धावत आली.

ते दार आता तिच्या अंगणात आहे. त्यावर ती मिरच्या वाळवते. या तुम्हीही, खुशाल पथारी पसरा, फक्त भिंतीवर नाव लिहू नका. आणि त्या फुंकरीबद्दल वाडीत अवाक्षर काढू नका. भैरीसुद्धा अजून गप्प आहे.