कोणी राहिलं का?

पास्टर. शब्द लॅटिन. मुळात चारण्याशी नातं असलेला.

चर्चचे पाळक सुबोध हे दर नव्या वर्षी व्यासपीठावरून सांगायचे. "प्रवचन करणारा असा अर्थ त्यात कुठेच नाही हो. मेंढरांना चाऱ्यापाशी नेणारा, तो पास्टर. बोलणं आपण मागाहून चिकटवलं." आणि मग तासभर बोलायचे.

आता मुलुंडच्या घरात ते खाटेवर बसले होते आणि लेक अक्षता पेजेचा चमचा धरून समोर. विसरण्याचा आजार वाढत चालला होता. काल त्यांनी घासासाठी तोंडच उघडलं नाही. डॉक्टर बजावून गेले होते: आजही पोटात काही गेलं नाही, तर उद्या नाकातून नळी.

"पप्पा, आ करा ना."

"कोणी राहिलं का?"

कालपासून तेवढंच.

"नाक दाब गो," पेज घेऊन आलेल्या शेजारच्या मथुरामावशी म्हणाल्या. "तोंड आपसूक उघडतला."

"मावशी!"

कोणी राहिलं का.

अक्षताचा चमचा हवेतच थांबला. हे तर...

चर्चचं पटांगण. प्रीतिभोजनाची पंगत. पाळक असलेले पप्पा स्वतः बादली घेऊन वाढतायत. शेवटी दारात उभे राहून हाक: कोणी राहिलं का? आचारी, रखवालदार, उशिरा आलेली म्हातारी. सगळे बसल्याशिवाय यांचं पान मांडलं जात नसे. आई चिडायची, "तुमचं जेवण कायमचं गार."

"सगळ्यांचं झालं, पप्पा," अक्षताने ठोकून दिलं.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. लेक म्हणून नव्हे. पंगतीवरून फिरायची तशी नजर.

"तुझं?"

ती सकाळपासून चहावर होती.

"पकडल्यान बघ तुका!" मावशी हसल्या. "माका नको विचारू हां, मी जेवान इलंय."

अक्षता खाली बसली. मावशींनी तिला वाटीभर पेज वाढली, वर लोणच्याची फोड. ती जेवत होती आणि पप्पा घासागणिक बघत होते, घाई न करता. शेवटचा घास तिने वाटी निपटून घेतला.

तिने रिकामी वाटी दाखवली.

पप्पांनी हात जोडले. प्रार्थनेतले दोनच शब्द सापडले, तेवढे म्हटले. मग आ केला.

पेज तोवर गार झाली होती.